गायरान सौर प्रकल्पाला जातंय. १ मेच्या ग्रामसभेत पक्ष्यांची बाजू कशी मांडू?

माळावरची बाई · ६ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली येईलच. बदलीवर इथे आले त्याला सहा वर्षं झाली. शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून गायरान सुरू होतं, ११८ एकर. त्यातले वरच्या अंगाचे ४० एकर सौर प्रकल्पाला द्यावेत असा विषय १ मेच्या ग्रामसभेपुढे येतोय. आमचे सरपंच भले आहेत, शाळेचे पंखे आणि पाण्याची टाकी त्यांच्यामुळेच आली. परवा म्हणाले, "बाई, तिथं हाय काय? नुसता माळ तर हाय."

तिथे काय आहे ते मी तासभर सांगू शकते. पण ग्रामसभेत मला मिळतील पाच मिनिटं, आणि तेवढ्यात काय सांगायचं ते सुचत नाही.

मार्च संपता संपता चौथीतल्या एका मुलीने मला माळटिटवीचं घरटं दाखवलं. घरटं म्हणजे मुरमात जरासा खळगा, कडेने खडे आणि आत चार अंडी, टोकं मधोमध जुळलेली. ती बोट दाखवत होती आणि मला दोन हातांवरून अंडी दिसत नव्हती, इतकी ती खड्यांसारखी. भर दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना टिटवी अंड्यांवर बसत नाही. उभी राहते आणि त्यांच्यावर सावली धरते. मधेच जनावरांच्या हौदाकडे जाते, पोट पाण्यात बुडवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर टेकते. वर्गाच्या खिडकीतून हौद दिसतो. गणिताच्या तासाला "बाई, पोट भिजवून आली!" असा ओरडा होतो आणि मी तो होऊ देते.

सकाळी आठच्या सुमाराला पखुर्ड्या पाझर तलावावर उतरतात. आधी वरून त्यांचा आवाज येतो, मग थवा दिसतो. नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. म्हणजे आमच्या माळावर पोटावरून पाणी वाहणारे दोन पक्षी आहेत, एक अंड्यांसाठी, दुसरा पिल्लांसाठी. धाविक आहे, डोंबारी आहे, रातवा आहे. आणि नोव्हेंबर ते मार्च भोवत्या, म्हणजे माळावरचे शिकारी पक्षी. मध्य आशियातून येतात, दिवसभर माळभर नाकतोडे टिपत फिरतात आणि सूर्य मावळताना वरच्या उतारावरच्या गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. या डिसेंबरात एका संध्याकाळी मी २३ मोजले. तो उतार म्हणजे नेमके हे ४० एकर.

एक गोष्ट कबूल करायला हवी. इथे आले त्या वर्षी मीच मुलांना घेऊन त्या उतारावर गिरिपुष्प आणि करंजाची रोपं लावली होती. माळ ओसाड दिसतो, हिरवा करू या, असं मला मनापासून वाटलं होतं. पुढे दोन वर्षांनी एका योजनेतून तिथेच पावसाचं पाणी अडवायला सलग समतल चर खणायला यंत्र आलं. जून महिना होता. धाविकाच्या दोन अंड्यांवरून माती ओढली गेली, मी पंचवीस पावलांवर उभी होते. तोवर मला धाविक म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. फोटो काढून नंतर विचारलं तेव्हा कळलं.

सौर विजेला माझा विरोध नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील रात्री दोन वाजता दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातात, कारण मोटारीला लागणारी थ्री फेज वीज तेव्हाच असते. मागच्या पावसाळ्यात त्यातल्या एकाला साप चावला. त्या घरात जाऊन मी "पक्ष्यांसाठी नको" असं म्हणू शकत नाही.

तर मला हे विचारायचंय: गायरानाला कायद्याने काही आधार आहे का? नोंदी कशा ठेवाव्यात की त्या ऐकल्या जातील? आणि घरट्यांची जागा सगळ्यांसमोर सांगावी का? फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या माळात घुसतील याचीच मला जास्त भीती वाटते.

जुना दुर्बीणवाला · ७ एप्रिल, सकाळी ७:१५

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. घरट्याची जागा सांगू नका, भोवत्यांच्या मुक्कामाची जागा मात्र जरूर सांगा. घरटं एका माणसाच्या पायाखाली जातं, मुक्काम जातो तो प्रकल्पामुळे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ठिकाण म्हणून अख्खं गायरान द्या आणि घरट्याचे फोटो घालू नका.

मी चाळीस वर्षं पुण्याच्या पूर्वेला सासवड, सुपे, मोरगाव, कडबनवाडी या माळांवर फिरतोय. सरपंचांच्या "नुसता माळ" या शब्दांना दीडशे वर्षांचा इतिहास आहे. ज्या जमिनीवर सारा बसत नाही आणि ज्यात विकण्याजोगं लाकूड नाही, ती इंग्रजांच्या दप्तरात पडीक ठरली. आजही देशाचा पडीक जमिनींचा जो सरकारी नकाशासंग्रह निघतो त्यात आपल्या माळरानांचा मोठा भाग पडीक म्हणूनच रंगवलेला असतो. मग त्याचं काहीतरी करायला हवं असं ओघानेच येतं: झाडं लावा, चर खणा, कारखाना आणा, आता पॅनेल. प्रत्येक जण सुधारणा करायला येतो, तुम्हीही आलात तशाच. त्याचं मनाला लावून घेऊ नका. मी स्वतः १९८० च्या दशकात दर पावसाळ्यात सुबाभळीचं बी माळावर फेकत हिंडलोय.

पाऊस पाचशे मिलिमीटर, खाली काळा कातळ, वर वीतभर मुरूम. तिथे झाड फार उंच होत नाही आणि गवत मात्र उत्तम होतं. तिथल्या पक्ष्यांचं सगळं मोकळेपणावर चालतं. टिटवीला दुरून येणारा कोल्हा दिसला पाहिजे. मध्ये गिरिपुष्पाची रांग आली की कावळ्याला बसायला जागा मिळते आणि अंडी गेली म्हणून समजा. पॅनेल बसवताना जमीन सपाट करतात, गवत उगवू देत नाहीत, भोवती जाळी मारतात. आणि सौर प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरणीय आघाताचा अभ्यास करावा लागत नाही. म्हणजे तिथे काय आहे हे विचारायला कोणीही येणार नाही. तुमची वही हाच तो अभ्यास.

वही अशी ठेवा: तारीख, वेळ, कुठून कुठवर चाललात, काय दिसलं, किती. रोज एकच वाट, एकच वेळ. काही दिसलं नाही तर तेही लिहा, शून्य लिहिलेली वही लोकांना खरी वाटते. मुलांच्या हातची असली तर आणखी बरं. २०२३ साली देशभरच्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला, त्यात मोकळ्या गवताळ जागांवरचे पक्षी झपाट्याने घटताना दिसले. आपला नीलपंख, विजेच्या तारेवर बसलेला कोणीही पाहिला असेल, तोही बारा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. हा अहवाल लाखो यादींवर उभा आहे आणि त्या यादी तुमच्यासारख्यांनीच भरल्यात.

कलम आणि कागद · ७ एप्रिल, दुपारी १:०५

थोडक्यात लिहितो, कोर्टातून लिहितोय. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २२-अ वाचा. गायरानाचा वापर बदलता येत नाही. सार्वजनिक प्रकल्पासाठी बदलता येतो, पण दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच. म्हणून ग्रामसभेत "विरोध" हा शब्दच काढू नका. विचारा: दुसरी जमीन शोधली का? कोणकोणते गट पाहिले? ते इतिवृत्तात लिहून घ्या. गावाच्या सामाईक जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे. तो अतिक्रमणाबद्दल आहे, पण सामाईक जमीन गावाला का लागते ते त्यात नीट सांगितलंय. दुसरं, २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद) असावी लागते. तुमच्याकडची नोंदवही मागा. कपाटात असेल.

मेंढका · ८ एप्रिल, रात्री ११:२०

बाई राम राम. मी फलटणकडचा, धनगर. आमचा वाडा, म्हंजे मेंढरांसंगट फिरणारा तळ, दिवाळी झाली की कोकणात उतरतो, पावसाच्या तोंडाला माघारी येतो. आता वाड्यावर चुलता असतो, मी फलटणला दुकानात आहे, पण बारावीपर्यंत मेंढरामागं होतो.

तुम्ही पक्ष्यांचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. पण तुमच्या लिहिण्यात त्या गायरानात चरणाऱ्याचं एकदाबी नाव आलं नाही. ४० एकर गेलं तर पहिला फटका शेरडं-मेंढरं राखणाऱ्याला बसंल. गावात शेरडं कुणाकडं असत्यात? ज्याच्याकडं बागायत न्हाई त्याच्याकडं. त्या बायकांना ग्रामसभा कधी असती हे कुणी सांगत न्हाई. तुम्ही सांगा. तुम्ही शिक्षिका, घरोघरी जाता.

आमच्या आज्याच्या वेळेला गायरानातलं वरचं रान दिवाळीपर्यंत राखायचे. कुणी जनावर सोडायचं न्हाई. पवन्या, मारवेल, कुसळी बी धरायची, मग उघडायचं. लाव्हे, तितर, टिटव्या सगळ्यांची पिल्लं तवर मोठी व्हायची. ते कुणी पक्ष्यासाठी करत नव्हतं, गवतासाठी करत होते. आता राखण मोडली, वर्षभर चराई चालती, त्यानं गवत आखूड झालं. हेबी खरं हाय, आमच्याच लोकांची चूक लपवून कशाला ठेवू. तुम्ही राखण परत चालू करायचा ठराव मांडा. म्हाताऱ्या माणसांना लगेच आठवंल.

आणि लांडगा हाय का तिथं? असंल. जिथं मेंढरं आणि मोकळा माळ तिथं तो असतोच. त्याचं नाव मात्र ग्रामसभेत काढू नका.

इंदापूरचा शेतकरी · ९ एप्रिल, सकाळी ६:३०

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. आमच्या गावात सौर प्रकल्प होऊन दीड वर्ष झालं. सकाळी नऊ ते पाच मोटार चालते. माझी आई गेली पंधरा वर्षं रात्री माझ्यासाठी जागी राहायची, आता झोपते. ज्यांनी रात्रीची दारं धरली नाहीत त्यांना याची किंमत कळणार नाही. तुमच्या गावात प्रकल्प अडला आणि विजेच्या उपकेंद्राला दिवसाची वीज मिळाली नाही, तर लोक पक्ष्यांवर राग काढतील आणि तुमच्यावरही.

पण एक सांगतो. आमच्याकडे गायरान घेतलं नाही. तीन भावांचं खडकाळ पड रान होतं, उपकेंद्रापासून दोन किलोमीटर. ते भाड्याने घेतलं. या सौर प्रकल्पांच्या योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. त्या रानात त्यांना कधी ज्वारीसुद्धा नीट झाली नव्हती. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, तेवढं हिशेबात धरा. तुमच्या गावात असं रान कोणाकडे आहे ते आधी शोधा आणि त्या माणसाला ग्रामसभेत उभा करा. गायरान फुकट पडतं म्हणून सगळ्यांची नजर आधी तिकडे जाते.

माळावरची बाई · ९ एप्रिल, रात्री १०:१०

दादा, राग कसला. तुमच्या आईचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पड रानाचं मला सुचलंच नव्हतं. आणि मेंढकादादा, तुम्ही बरोबर बोललात. शेरडं राखणाऱ्या अकरा घरांची मुलं माझ्याच शाळेत आहेत आणि मी त्यांच्या आयांना पक्ष्यांबद्दल विचारलं, चाऱ्याबद्दल कधीच नाही. उद्यापासून जाते.

नोंदवही मिळाली, कपाटातच होती. ९६ पानं आहेत. पक्ष्यांच्या पानावर चार नावं: चिमणी, कावळा, कबुतर, मोर. गवतांच्या पानावर "निरंक".

नान्नजकर · १२ एप्रिल, संध्याकाळी ५:५०

उशिरा लिहितोय. बाई, तुमच्या मनात "अभयारण्य करा" असं काही आलं असेल तर कृपा करून ते बोलू नका. का ते आमच्या सोलापूरच्या अनुभवावरून सांगतो.

माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्हे मिळून. तालुकेच्या तालुके आत आले, गावं, शेतं, बाजारपेठा सगळी. माळढोकाला लागतो मोकळा माळ, आणि कागदावर मात्र शहरसुद्धा अभयारण्यात. जमीन विकायची, बांधकाम करायचं, तर कागद अडायचे. माझ्या वडिलांच्या पिढीने माळढोक शेतात हरभऱ्यात उभा पाहिलाय, कौतुकाने पाहिलाय. तोच पक्षी पुढे आमच्या घरात शिवीसारखा उच्चारला जायचा. शेवटी क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर जायचं ते गेलं होतं. उसाचं पाणी आलं, माळ फुटले, तारा आल्या. हा पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक मादी मेली तर ती भरून यायला किती वर्षं लागत असतील. आता अभयारण्यातल्या नान्नजला एखादी मादी दिसली तर वर्तमानपत्रात बातमी येते. जगात मिळून दीडशेच्या आतच उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात.

माझे वडील गेल्या वर्षी वारले. आजारपणात एकदा त्यांनी मला विचारलं, "हूम ऐकू आला का रे?" माळढोकाचा नर माजावर आला की तसा आवाज काढतो. मी आयुष्यात तो एकदाही ऐकलेला नाही.

म्हणून म्हणतो, हुकूम वरून नको. गावाने स्वतः ठराव करावा, नोंदवहीची पानं गावाने भरावीत. वाशीम-अकोल्याकडे तणमोर हा गवताळ रानातला दुर्मीळ पक्षी वाचवायला फासेपारधी पुढे आले. ज्यांना त्या पक्ष्याची चाल ठाऊक, त्यांच्याच हाती राखण. पुढेमागे जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव करता येईल, पण दोन-तीन वर्षं राखण चालवून झाल्यावर.

माळावरची बाई · ३ मे, रात्री ९:००

ग्रामसभा झाली. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

मी पक्ष्यांनी सुरुवात केलीच नाही. आधी एक आजी बोलल्या, ७२ वर्षांच्या, चार शेरडं आहेत त्यांच्याकडे. गायरानाची राखण कशी असायची, राखणदाराला गावाकडून किती पायली ज्वारी मिळायची, सगळं तोंडपाठ. मागे बसलेले म्हातारे माना हलवायला लागले. मग मी विचारलं की दुसरी जमीन पाहिली का. नव्हती पाहिली. तेव्हा पड रान असलेले दोघं उभे राहिले, त्यांच्याशी मी आधीच बोलले होते. दोघांचं मिळून साडेअठरा एकर, उपकेंद्राच्या जवळ. शिवाय गायरानाच्या खालच्या टोकाला मुरूम काढून खड्डा झालेले सात-आठ एकर आहेत, तिथे गवत नाहीच.

शेवटी पाचवीतल्या दोन मुलांनी वही वाचली. २५ दिवसांच्या नोंदी, रोज सकाळी साडेसहा, शाळेचं फाटक ते पाझर तलाव. त्यात "आज काहीच नाही" असं सहा वेळा आलं. जुन्या दुर्बीणवाल्या काकांना सांगते, तुमचं खरं ठरलं, त्या सहा ओळींना लोक सगळ्यात लक्ष देऊन ऐकत होते. टिटवी पोट भिजवून येते हे वाचल्यावर एक तरुण म्हणाला, असलं काही नसतं. तर त्याच्याच बहिणीने सांगितलं की तिने रोज पाहिलंय.

ठराव असा झाला: वरचा उतार प्रकल्पाला द्यायचा नाही, पड रान आणि मुरमाच्या खड्ड्यांची पाहणी करायची, वरच्या रानाची राखण या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. तो एकमताने झाला नाही. अकरा जण विरोधात होते आणि त्यांतल्या दोघांची मुलं माझ्या वर्गात आहेत. एक जण बाहेर पडताना म्हणाला, प्रकल्प लांबला तर बाईंनी मोटार चालू करायला रात्री यावं. मी म्हटलं, येईन. खरंच जाणार आहे, कारण पाहणी होऊन वीज येईपर्यंत त्यांना रात्रीच जावं लागणार.

दोन गोष्टी राहिल्यात. जूनच्या कामांच्या यादीत वरच्या उतारावर पुन्हा चर आणि गिरिपुष्प आहे, ते वेगळ्या योजनेतलं असल्याने ग्रामसभेच्या ठरावात आलं नाही. त्यासाठी पत्र कसं लिहायचं याचा नमुना कोणाकडे असेल तर द्या. आणि पड रानातून उपकेंद्राकडे जाणारी तार भोवत्यांच्या वाटेवरूनच जाईल असं नकाशावर दिसतंय. तारेवर पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून चकत्या लावतात असं वाचलंय. त्या खांब उभे राहायच्या आधी मागायच्या की नंतर, आणि अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने करायचा की शाळेच्या?

टिटवीच्या चार अंड्यांपैकी तीन फुटली, २६ एप्रिलला. एक तसंच राहिलं. पिल्लं त्याच दिवशी चालायला लागली आणि आता कुठे आहेत ते आई ओरडली की तेवढंच कळतं.